जावाचे ‘मूळ रूप’ नेमके कोणते?

गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावात, जुन्या घराच्या पडवीत, पोत्यांखाली झाकलेली एखादी जावा अजूनही सापडू शकते. नातू ती बाहेर काढतो तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा असतात. गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची, किंवा कापून-जोडून आपल्या हौसेची करायची. मेकॅनिकच्या दृष्टीने हा खर्चाचा प्रश्न आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो पुराव्याचा प्रश्न ठरतो. #धागा

आधी गाडीची कुळकथा. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियातील शस्त्रनिर्माते फ्रांतिशेक यानेचेक यांनी जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल निर्मितीचे हक्क घेतले. दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ब्रँड तयार झाला. चेक उच्चार ‘यावा’. आपण रोमन अक्षरे आपल्या पद्धतीने वाचली आणि ‘जावा’ केले.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे तयार वाहनांच्या आयातीवर कडक बंधने आली. परदेशी वाहन हवे असेल तर ते परवाना घेऊन इथेच बनवा, असा तो काळ होता. १९६० मध्ये रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ कंपनी स्थापन केली. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले. कारखान्याचे उद्घाटन म्हैसूरचे तत्कालीन राज्यपाल जयचामराज वाडियार यांच्या हस्ते झाले. १९७३ पासून हीच गाडी ‘येझदी’ नावाने विकली जाऊ लागली. इराणमधील यझ्द शहराची आठवण त्या नावात आहे.

यंत्र मोठे मजेशीर होते. सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. किकचा दांडा आत ढकलून पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा व्हायचा. टू-स्ट्रोक इंजिन असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. म्हणजे जवळपास २४९ सीसी.

हा ६५ चा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पिस्टन घासून सिलिंडर झिजला की तो बोअरिंग करून किंचित रुंद करतात आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील लेथवर असली कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. आज जुन्या सिलिंडरचे माप घेतले तर गाडी किती वापरली गेली आणि तिच्यावर किती वेळा काम झाले याचा अंदाज बांधता येतो. कागदपत्रे हरवलेली असली तरी धातू बोलतो.

रंगाचेही तसेच. टाकीवर चार वेळा रंग चढला असला, तरी गुडघ्याजवळचे रबर किंवा कंपनीचा बिल्ला काढल्यावर त्याखाली मूळ छटा टिकून राहिलेली असू शकते. म्हणून जाणकार माणूस सगळा रंग एकदम खरवडत नाही. आधी तेवढाच कोपरा हलक्या हाताने घासून थर पाहतो.

गंज काढण्याचा एक उपाय तर आपल्या उसाच्या पट्ट्याला शोभणारा आहे. साखर कारखान्यातून निघणारी मळी पाण्यात पातळ करून त्यात लोखंडी भाग काही आठवडे बुडवून ठेवले, की गंज सुटतो आणि खालचे चांगले पोलाद फारसे झिजत नाही. जगभरचे हौशी लोक हे करतात. मात्र ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नयेत, ते खाल्ले जातात. शिवाय आपल्याकडे मळीच्या व्यवहारावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते, हेही ध्यानात ठेवावे.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब ठामपणे अधोरेखित केली. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली असावीत, वाहन मूळ रूपात असावे, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

म्हणजे चासी कापून ‘बॉबर’ केलेली जावा या नियमांच्या बाहेर जाते. पण गंमत अशी की बॉबर हीसुद्धा इतिहासाचीच निर्मिती आहे. अमेरिकेत मडगार्ड छाटून गाडी हलकी करणारे आणि १९५०-६० च्या दशकांत इंग्लंडमध्ये ‘कॅफे रेसर’ बांधणारे तरुण तेव्हा गाड्या बिघडवत होते. त्यांनी बिघडवलेल्या गाड्या आज संग्राहक शोधत फिरतात.

यापेक्षा अवघड प्रश्न तिसऱ्याच थराचा आहे. आपल्या भागात मोटारसायकल ही हौसेइतकीच कष्टाचीही वस्तू होती. दुधाच्या किटल्या अडकवायला मागे लोखंडी हुक वेल्ड केले जात, कॅरिअर जाड पट्ट्यांचे करून घेतले जात. हे बदल कारखान्याने केले नाहीत आणि फॅशन म्हणूनही कोणी केले नाहीत. नियमांना अभिप्रेत असलेल्या ‘मूळ रूपा’त त्यांना जागा नाही, कस्टम गाडीच्या आराखड्यात तर नाहीच. दोन्ही वाटांवर पहिला ग्राइंडर याच हुकांवर चालतो. वस्तुतः म्हैसूरच्या कारखान्याचा इतिहास इतर शेकडो गाड्यांवरून कळेल. या एका गाडीने गडहिंग्लजच्या परिसरात काय काम केले, हे मात्र त्या ओबडधोबड वेल्डिंगखेरीज दुसरे काहीच सांगत नाही.

संग्रहालयांत यावर जुनी पद्धत आहे: काढण्यापूर्वी चारी बाजूंनी छायाचित्र, मापे, आणि काढलेला तुकडा चिठ्ठी लावून जपून ठेवणे. घरच्या गॅरेजला त्यासाठी एक वही, एक मोबाइल आणि पत्र्याचा एक डबा पुरतो.

घाई का, तर १९८५ च्या सुमारास कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी तंत्राच्या १०० सीसी गाड्या आल्या आणि येझदी मागे पडत गेली. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. १९७३ च्या पहिल्या येझदींना २०२३ मध्ये पन्नास वर्षे झाली. १९७८ पासूनच्या रोडकिंग २०२८ पासून या मर्यादेत येऊ लागतील. त्यांची किंमत वाढेल, तशा त्या एकेक करून पडवीतून बाहेर निघतील, आणि त्यांच्या पाठीवरचे हुक आधी उतरवले जातील.