कोऱ्या पत्र्याचे विमान

1944 च्या आरंभी अमेरिकेने आपल्या बहुतेक नव्या लढाऊ विमानांना हिरवट रंग फासणे सोडून दिले. वजन वाचले, कारखान्यातला वेळही वाचला. त्यांतले ‘मस्टँग’ मी 48 पट लहान, म्हणजे वीतभर पंखांचे करीत असतो. पण गंमत पाहा, ते सगळेच कोऱ्या पत्र्याचे नव्हते! पंखांवरून हवा सुरळीत वाहावी म्हणून तेथले सांधे लुकणाने भरून, घासून, वर चंदेरी रंग देत. म्हणून धडाला मी चकचकीत काळ्या अस्तरावर ॲल्युमिनियमचे पातळ हात देतो, एकेक पत्रा किंचित निराळा. पंख मात्र एकसारखे, मंद. आरशासारखे लखलखणारे पंख पाहून मुले टाळ्या पिटतात. मला मात्र ते विमान खोटे वाटते. वैमानिकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून नाकावरचा पट्टा तेवढा हिरवट ठेवीत. तोही मी विसरत नाही.