जुहू ते बेगमपेठ : धाराशिवावरील विमानवाट

मोडी रुमाल चाळणारांस मजलींच्या यादी नव्या नाहींत. पुढचा मुक्काम किती कोस, घाट कोणता, पाणी व वैरण कोठें, एवढेंच त्यांत असतें. पण मोहिमेचें यशापयश पुष्कळदां तेवढ्यावरच ठरे. लहान विमानाच्या प्रवासाची आंखणी ही त्याच कुळांतील वस्तु आहे, असें आमचें मत आहे. तिचा विचार येथें धाराशिव प्रांतापुरता करितों.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल आणून जुहूच्या मैदानावर एका इंजिनाचें ‘पस मॉथ’ विमान उतरविलें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल सह्याद्रि ओलांडून बळ्ळारीमार्गें मद्रासेस नेलें. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. नकाशा, होकायंत्र, घड्याळ व डोळे हींच साधनें. पुढें या मार्गांत बळ्ळारीच्या जागीं हैदराबाद आलें, आणि धाराशिवाचा संबंध तेथें येतो. जुहूपासून बेगमपेठपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढिली तर ती सुमारें ३८५ मैल भरते व धाराशिवाच्या जवळजवळ माथ्यावरून जाते. प्रत्येक वैमानिक याच रेघेनें गेला असें आम्ही म्हणत नाहीं. पण आंखणीचा आरंभ रेघेपासूनच होतो.

पहिला प्रश्न उंचीचा. जुहूपासून सुमारें ४५ मैलांच्या आंत सह्याद्रीचा कडा उभा राहतो. भोरघाटाजवळचा लोहगडच ३,४०० फुटांच्या घरांत आहे. घाट ओलांडला म्हणजे जमीन खालीं गेली, असें मानणारा मात्र फसतो. बालाघाटाचें पठार धाराशिवापाशीं २,००० फुटांहून अधिक उंच आहे. समुद्रसपाटीवर लाविलेलें उंचीमापक ३,००० दाखवितें, तेव्हां येथें विमान जमिनीपासून हजार फूटही वर नसतें. इंजिन एकच, तें बंद पडल्यास उतरावयाची जागा हेरण्यास फार तर एक-दोन मिनिटें मिळावयाचीं. पावसाळ्यांत काळी जमीन चाकें धरून ठेविते, आणि पुढें तींतच पुरुषभर ज्वारी उभी राहते. उन्हाळ्यांत हवा विरळ होऊन इंजिनाचें बळ व पंखांची उचल हीं दोन्ही घटतात. म्हणून कूच पहाटेचें.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. ताशीं १०० मैल वेगाच्या विमानास हें अंतर ३ तास ५१ मिनिटांचें. समोरून ताशीं २० मैलांचा वारा असल्यास जवळजवळ एक तास वाढतो, आणि पेट्रोल त्या हिशेबानें. आडवा वारा याहून कपटी. येथें किल्ले कामास येतात. निघाल्यापासून सुमारें १ तास ४८ मिनिटांनीं परांड्याचा खंदकवेष्टित किल्ला उजव्या हातास ४-५ मैलांवर दिसला, तर वाट बरोबर. तो न दिसतां धाराशिवाऐवजीं बोरी नदीवरील बंधारा व नळदुर्गाचा तट पायांखालीं आला, तर उत्तरेकडील ताशीं ७-८ मैलांच्या वाऱ्यानें विमान १८ मैल दक्षिणेस लोटलें, असें समजावें. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत पाणीमहाल बांधणारांस या उपयोगाची कल्पना असण्याचें कारण नव्हतें!

पावसाळ्यांत जुहूचें मैदान भरतीच्या पाण्याखालीं जाई. मग टाटांचा सारा सरंजाम, म्हणजे दोन विमानें, तीन वैमानिक व तीन यांत्रिक, पुण्यास येरवड्याच्या तुरुंगालगतच्या मैदानावर हले. तेथून बेगमपेठची रेघ ओढून पाहिली, तों ती तुळजापुरावरून गेली. पुण्याहून निघणारास सह्याद्रीची चढण टळे. बालाघाट व त्यावर उतरलेले ढग मात्र टळत नसत.

त्या काळचे हवाई नकाशे, त्यांवरील पेन्सिलीच्या रेघा व समासांतील वेळांचीं टिपणें रद्दींत जाण्याचा संभव मोठा आहे. कारण संग्राहक त्यांस जुना कागद मानीत नाहींत. शोधतांना ‘उस्मानाबाद’ हें नांव पाहावें. हा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता व अधिकृत नांव २०२३ सालीं बदललें. ज्यांच्या दप्तरीं असा कागद असेल त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी. मूळ रेघ पुसट असली तरी ती गडद करूं नये.