मधला स्पीकर आडवा का झाला?

होम थिएटरचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "समोरच्या दोन टॉवर स्पीकरची जोडी घेतली आहे, आता सेंटर कुठला घेऊ? कुठल्याही कंपनीचा चालेल ना?" छोटं उत्तर: नाही, चालणार नाही. मोठं उत्तर द्यायचं तर १९३३ सालात जावं लागतं, आणि आजचा भाग त्याचाच आहे.

२७ एप्रिल १९३३. फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये तिथला प्रसिद्ध ऑर्केस्ट्रा वाजतोय आणि ऐकणारी मंडळी बसली आहेत सुमारे दोनशे किलोमीटरवर, वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये. वादकांसमोर तीन मायक्रोफोन, तिथून टेलिफोनच्या तारा, आणि इकडे रंगमंचावर पडद्याआड तीन लाउडस्पीकर. गंमत म्हणजे ऑर्केस्ट्राचा मुख्य संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाची बटणं फिरवत होता, आणि फिलाडेल्फियात हातात काठी होती अलेक्झांडर स्मॉलेन्सच्या. हा सगळा खटाटोप बेल लॅब्जचा, हार्वे फ्लेचर यांच्या देखरेखीखाली.

पण तीनच का? बेल लॅब्जच्या लोकांचं गणित सरळ होतं. आदर्श म्हणाल तर रंगमंचापुढे मायक्रोफोनची भिंत हवी आणि ऐकणाऱ्यांपुढे तेवढ्याच स्पीकरची भिंत. ते काही शक्य नाही. मग कमीत कमी कितीत भागेल? मोठ्या हॉलमध्ये दोनच स्पीकर ठेवले तर अगदी मधोमध बसलेल्यांचं ठीक चालतं. कडेला बसलेल्याला मात्र सगळं जवळच्या स्पीकरमधूनच आल्यासारखं वाटतं. मधे तिसरा ठेवला की मधलं मधेच राहतं. म्हणजे मधला स्पीकर जन्माला आला तो कडेला बसणाऱ्यांसाठी. आणि तो बाकी दोघांच्या बरोबरीचा होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंजिनिअर याच प्रश्नाच्या मागे लागला होता. असं सांगतात की बायकोबरोबर सिनेमा बघताना त्याला खटकलं: नट पडद्याच्या एका टोकाला, आवाज भलत्याच टोकाकडून. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, दोन वाहिन्यांच्या ध्वनीचा. पुढे मात्र उलटंच झालं. सिनेमाने तीन स्पीकर उचलले आणि घराने दोन.

सिनेमाचं आधी बघू. डिस्नेचा 'फँटेशिया' १९४० मध्ये आला तेव्हा पडद्यामागे डावा, मधला, उजवा अशा तीन वाहिन्या होत्या. ही 'फँटासाउंड' व्यवस्था इतकी महाग होती की मोजक्याच थिएटरांत बसली. मग १९५२ मध्ये सिनेरामा, पडद्यामागे तब्बल पाच वाहिन्या. १९५३ मध्ये 'द रोब'बरोबर सिनेमास्कोप आला आणि फिल्मवरच्या चार चुंबकीय पट्ट्यांवर आवाज आला: तीन पडद्यामागचे, एक प्रेक्षागृहातला. सुरुवातीच्या सिनेमास्कोपमध्ये पात्र पडद्यावर चाललं की त्याचं बोलणंही त्याच्याबरोबर डावीकडून उजवीकडे सरकायचं. आता विचार करा, मधला स्पीकर वेगळ्या जातीचा असता तर? चालता चालता माणसाचा घसाच बदलला असता! म्हणून थिएटरात तिन्ही स्पीकर एकसारखे, एकाच उंचीवर, बारीक भोकं पाडलेल्या पडद्यामागे. जुळणी हा तिथे प्रश्नच नव्हता. पुढे संवाद मधल्या वाहिनीतच ठेवायचा रिवाज पडला, तो आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. (आपल्याकडे 'शोले' ७० मिमी आणि स्टिरिओफोनिक आवाजात आला तेव्हा मुंबईच्या मिनर्व्हात लोक आवाज ऐकायलाही जायचे, हे घरातल्या थोरांकडून तुम्हीही ऐकलं असेलच.)

आणि घर? १९५८ च्या आसपास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आली. रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच, एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. तिसऱ्याला जागाच नाही. घरातला मधला स्पीकर गेला तो या खाचेमुळे. फार थोड्या लोकांनी कुरकुर केली. त्यातले एक पॉल क्लिप्श. त्यांचे स्पीकर खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसायचे, त्यामुळे मधे भलीमोठी पोकळी. त्यांनी बेल लॅब्जचं जुनं काम धरून दोन वाहिन्यांतून तिसरी काढायचा आग्रह धरला आणि १९५७ मध्ये मधे ठेवायला एक छोटा स्पीकर बनवला. कोपऱ्याचा कट्टर पुरस्कर्ता कोपरा सोडतोय, हा तर पाखंडीपणा, असं कुणीतरी म्हणालं. त्यांनी स्पीकरचं नावच ठेवलं 'हेरेसी'.

घरात मधला खऱ्या अर्थाने परतला तो डॉल्बी प्रो लॉजिकबरोबर, १९८७ मध्ये. नंतर डीव्हीडीने त्याला स्वतःची स्वतंत्र वाहिनी दिली. पण परतला तेव्हा मधली जागा टीव्हीने बळकावलेली! त्या काळचा टीव्ही म्हणजे अवजड पिक्चर ट्यूबचा डबा. स्पीकर एक तर त्याच्या डोक्यावर किंवा खाली कपाटात. चुंबकामुळे चित्राचे रंग बिघडायचे, म्हणून चुंबकाला वेगळं कवच. आणि उभी पेटी मावेना, म्हणून ती आडवी केली: मधे ट्वीटर, दोन्ही बाजूंना दोन वूफर. तुम्ही दुकानात बघता तो सेंटर स्पीकर हाच. हा आकार आवाजाच्या शास्त्रातून आलेला नाही, फर्निचरमधून आला आहे.

त्याची किंमत कोण मोजतं? आमच्याकडे बाबा. ते कायम दिवाणावर, टीव्हीच्या पार उजव्या कडेला. त्यांचं म्हणणं एकच, "गाण्याने भिंती हादरतात, बोललेलं मात्र कळत नाही." सगळे म्हणायचे, वयाचं आहे. मी कागद घेऊन बसलो. दोन वूफरच्या केंद्रांत ३० सेंटिमीटर अंतर आहे आणि तुम्ही ३० अंश बाजूला बसला आहात असं धरा. एका वूफरचा आवाज तुमच्यापर्यंत दुसऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर जास्त चालून येतो. ज्या आवाजाची तरंगलांबी ३० सेंटिमीटर, म्हणजे साधारण ११५० हर्ट्झ, त्याच्यासाठी हा फरक बरोबर अर्ध्या लहरीचा. एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर, आणि दोघे एकमेकांना खातात. आता ११५० हर्ट्झ हा ऐन माणसाच्या बोलण्याचा पट्टा आहे. मधे बसलेल्या मला काहीच जाणवत नाही. म्हणजे जो स्पीकर कडेच्या माणसासाठी शोधला, तोच आडवा झाल्यावर कडेच्या माणसाला फसवतो. बाबांचे कान ठीक आहेत, हे त्यानंतर घरात मान्य झालं.

आता घ्यायचा कुठला? जागा असेल तर समोरच्या दोघांसारखाच तिसरा, उभा, तिघांचे ट्वीटर शक्यतो एका उंचीवर. बुकशेल्फ स्पीकर जोडीनेच विकतात, चौथा उरतो. तो मागे लावा, पण मधला सारखा घ्या. जागा नसेल तर त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला सेंटर बघा. कंपनीचं नाव एक असणं पुरेसं नाही, मालिका एक हवी. तेव्हाच ट्वीटर आणि त्यामागचा क्रॉसओव्हर सारखा असण्याची शक्यता. घरात पाच-सहा माणसं पसरून बसत असतील तर ज्यात ट्वीटरच्या खाली किंवा वर वेगळा छोटा मिडरेंज आहे तो थ्री-वे घ्या. त्यात बोलण्याचा पट्टा तो मिडरेंज एकटा सांभाळतो, त्यामुळे वरचं भांडण बरंचसं मिटतं. महाग असतो, पण माझ्या मते पैसे इथेच घालावेत, सबवूफरमध्ये नाही. आणि एकटेच, बरोबर मधे बसून बघत असाल? मग रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'सेंटर नाही' निवडा. तो मधला आवाज दोघांत वाटून देतो, आणि दोन चांगले स्पीकर एका बेमेळ तिसऱ्यापेक्षा बरे.

"रिसीव्हरचं ऑटो सेटअप जुळवून देईल की," असं दुकानदार सांगतो. आवाजाची पातळी जुळवेल, ते तो छान करतो. माइक ठेवला तिथला स्वरही थोडाफार सारखा करेल. दिवाणावर काय पोहोचतं त्यावर त्याचा इलाज नाही.

विकत घेण्याआधी रिसीव्हरमधला टेस्ट टोन लावायला सांगा. पावसासारखा 'श्श्श' आवाज आळीपाळीने डावा, मधला, उजवा असा फिरतो. डोळे मिटा. आधी मधे बसून ऐका, मग उठून कडेच्या खुर्चीवर जा आणि परत ऐका. तिन्हीकडे एकच पाऊस पडला पाहिजे. मधे आल्यावर तो पत्र्याच्या डब्यात शिरला असं वाटलं, तर दुसरा स्पीकर दाखवा म्हणायचं.