मधुमेह, वृक्क आणि रक्तवाहिनी : एका नामाचा इतिहास

कुडाळ भागातील मालवणी बोलीत मधुमेह झालेल्या माणसाविषयी 'तेका शुगर आसा' असे म्हणतात. घाटावरही आता 'शुगर' हाच शब्द रूढ झाला आहे. शब्द नवा असला तरी त्यामागील दृष्टी फार जुनी आहे. रोगाला नाव मिळाले ते साखरेवरून. ज्या रक्तवाहिन्यांना तो आतून पोखरतो, त्यांचा त्या नावात मागमूसही नाही. हे कसे घडले ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

'मेह' हा शब्द 'मिह्', म्हणजे सिंचन करणे, या धातूपासून सिद्ध होतो. 'मेघ' हा शब्दही आपले वैयाकरण याच धातूकडे नेतात. प्राचीन वैद्यांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले : कफज दहा, पित्तज सहा, वातज चार. मधुमेह हा वातज, आणि म्हणून असाध्य. प्रमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हेही त्यांनी टिपून ठेवले आहे. ग्रीक 'डायबिटीस' या शब्दाचा मूळ अर्थही आरपार वाहून जाणे असाच आहे. निरीक्षकाची दृष्टी सर्वत्र शरीराबाहेर पडलेल्या मूत्रावरच खिळलेली होती.

याहून विचारार्ह गोष्ट वृक्काची आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वृक्क हे मेदोवह स्रोतसांचे मूळ मानले आहे. मूत्रवह स्रोतसांचे मूळ बस्ती आणि वंक्षण. अवयव ठाऊक होता, त्याला नावही होते; परंतु मूत्राशी त्याचा संबंध जोडला गेला नव्हता. सुश्रुताने बस्ती कशी भरते हे सांगताना नव्या घटाचा दृष्टान्त दिला आहे : कोरा घट तोंडापर्यंत पाण्यात ठेवला तर तो बाजूंनी झिरपून भरतो. या दृष्टान्तात आधुनिक वृक्कविज्ञान शोधण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरला पाहिजे, कारण सुश्रुत बोलतो आहे ते बस्तीविषयी. तथापि झिरपण्याची कल्पना मात्र पुढे अन्य अवयवाच्या बाबतीत खरी ठरली.

रुग्णाच्या मूत्रातच नव्हे तर रक्तातही गोडवा असतो, हे मॅथ्यू डॉबसनने 1776 मध्ये दाखविले. रिचर्ड ब्राइटने 1827 मध्ये मूत्रातील अल्ब्युमीनचा संबंध रोगग्रस्त वृक्काशी जोडला, आणि 1842 मध्ये बोमनने वृक्कातील केशिकागुच्छांची रचना उलगडली. प्रत्येक वृक्कात असे सुमारे दहा लाख गुच्छ असून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव त्यांतून गाळला जातो. 'मूत्रपिंड' या शब्दाने मांसाचा गोळा डोळ्यांपुढे उभा राहतो; वस्तुतः तो रक्तवाहिन्यांचाच पसारा आहे. मधुमेह आणि हे गुच्छ यांची गाठ घालून दिली ती किमेलस्टील व विल्सन यांनी, 1936 मध्ये.

तोवर आपल्याकडील एका थोर रुग्णाचे आयुष्य संपले होते. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात (1908 ते 1914) त्यापायी त्यांना आहार बदलावा लागला. इन्सुलिन हाती आले 1921 मध्ये, टिळकांच्या निधनानंतर एका वर्षाने. पथ्य हाच त्या काळी उपाय होता, आणि वृक्कातील आरंभीचा बिघाड पाहण्याचे साधन कोणापाशीही नव्हते.

ते साधन 1963 मध्ये आले. लंडनच्या गायज रुग्णालयात कीन व क्लोव्हेराकिस यांनी मूत्रातील अत्यल्प अल्ब्युमीन मोजण्याची रीत सिद्ध केली; 1982 मध्ये व्हिबर्ती व सहकाऱ्यांनी दाखविले की, हा अल्पांशच पुढील वृक्कविकाराची पूर्वसूचना असतो. दरम्यान 1980 मध्ये फर्चगॉटने रक्तवाहिनीचा अंतःस्तर हा निव्वळ अस्तर नसून वाहिनी सैल करणारे द्रव्य निर्माण करतो, हे सिद्ध केले. ते द्रव्य नायट्रिक ऑक्साइड होय. साखरेचा दीर्घकाळ मारा झाला की अंतःस्तराचे हे कार्य मंदावते. डेकर्ट व त्याच्या डॅनिश सहकाऱ्यांनी 1989 मध्ये मांडले की, मूत्रात उतरणारे अल्ब्युमीन हे केवळ वृक्काच्या नव्हे, तर सर्व शरीरातील वाहिन्यांच्या बिघाडाचे चिन्ह आहे. हृदय आणि डोळ्याचे पटल यांचाही त्यात वाटा आला.

येथे एक विपरीत गोष्ट ध्यानी घ्यावी. आरंभी गाळण्याची क्रिया मंद होण्याऐवजी बहुधा वाढते. त्यामुळे रक्तातील क्रिएटिनीन पुष्कळ काळ स्वाभाविक राहते, सूज नसते, दुखणे नसते. दर ग्रॅम क्रिएटिनीनमागे 30 ते 300 मिलिग्रॅम अल्ब्युमीन, एवढाच काय तो पुरावा. आणि याच अवस्थेत रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवली तर हानी पुष्कळ अंशी रोखता येते. परंतु 'शुगर किती?' असे विचारणाऱ्या रुग्णाला हा दुसरा प्रश्न सुचत नाही, कारण त्यासाठी त्याच्या बोलीत शब्दच नाही. 'सूक्ष्मअल्ब्युमीनमेह' हा शब्द परिभाषेला शोभेल, पण बाजारात चालणार नाही. 'पाझर' हा शब्द मात्र सर्वांच्या ओळखीचा आहे. 'प्रथिनपाझर' असे म्हटले तर कोऱ्या घटातून पाणी झिरपताना पाहिलेल्या माणसाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.