व्हायोलेटचा परफ्यूम मध्येच गायब का होतो?

फळांचा गोडवा असलेला व्हायोलेट परफ्यूम मनगटावर मारला की आधी रास्पबेरीसारखा आंबटगोड वास येतो. मग पावडरसारखा मऊ, फुलांचा. आणि अचानक काहीच नाही! थोड्या वेळाने तोच वास पुन्हा येतो. परफ्यूम नकली आहे का? नाही.

हा खेळ आयोनोन या रसायनांचा आहे. व्हायोलेट फुलांच्या सुगंधात ती असतात आणि रास्पबेरीतही, म्हणून ही जोडी छान जमते. १८९३ मध्ये टीमान आणि क्रूगर या रसायनशास्त्रज्ञांनी आयोनोन प्रयोगशाळेत बनवलं आणि महागडा व्हायोलेट सुगंध स्वस्त झाला.

नाकातल्या वास टिपणाऱ्या पेशी आयोनोनला पटकन सरावतात आणि काही काळ प्रतिसाद देत नाहीत. वास मात्र त्वचेवर असतोच. त्यामुळे ‘उडून गेला’ समजून पुन्हा पुन्हा मारू नका. शेजारी बसलेल्याला तो येतच असतो.

त्वचेच्या उबेने हलके, फळांचे वास आधी उडतात. शेवटी आयरिस, टोंका बीन, कस्तुरी असे जड वास उरतात. गेर्लँ कंपनीचा २००६ मधला ‘ॲन्सोलान्स’ याच प्रकारातला.

आणखी एक गंमत म्हणजे जनुकातल्या फरकामुळे बीटा-आयोनोन काहींना फुलासारखं, तर काहींना आंबट, व्हिनेगरसारखं वाटतं. म्हणून मैत्रिणीच्या पसंतीवर बाटली घेऊ नका. स्वतःच्या मनगटावर मारा, दोन-तीन तास थांबा आणि मगच ठरवा.