जॉर्डनमार्गे मुंबई

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा तिथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. केरळचे लोक जास्त, पण रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतले कोकणी मुसलमानही त्यांत होते. वर्गात आखाती युद्ध शिकवताना आपण रणगाडे आणि तेलविहिरी सांगतो. कोकणात मात्र हे युद्ध कळले ते बंद झालेल्या ड्राफ्टवरून.

इराकने कुवेती दिनार इराकी दिनाराच्या बरोबरीला आणला आणि मेहनतीची कमाई कागद झाली. कित्येकांचे पासपोर्ट कफीलकडे. कफीलच देश सोडून गेला असेल, तर मागायचे कोणाकडे?

परराष्ट्रमंत्री इंदरकुमार गुजराल बगदादला गेले. सद्दाम हुसेन यांच्याशी झालेल्या गळाभेटीवर खूप टीका झाली. आम्हाला ती अर्धीच पटते. आक्रमकाला मिठी शोभत नाही, हे खरे. पण आपली माणसे ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी बोलल्यावाचून ती सुटणार कशी?

परक्या आकाशात लष्करी विमानांना सहज परवानगी मिळत नाही, म्हणून मोठा भार नागरी विमानांनी उचलला. माणसे बसने बगदादला, तिथून वाळवंट तुडवत जॉर्डनच्या सीमेवर. तिथल्या छावण्यांत बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो मजूरही होते. ऊन सर्वांना सारखे, पाणी सर्वांनाच अपुरे. अम्मान ते मुंबई सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे झाली आणि लाखाहून अधिक लोक मायदेशी परतले. (२००६ मध्ये लेबनॉनमधून लोकांना काढताना मात्र नौदलाची जहाजे गेली होती.) त्या दिवसांत देश मंडल आयोगावरून पेटला होता, पुढे रथयात्रा निघाली. विमानतळावर रिकाम्या हातांनी उतरणाऱ्यांकडे कोण पाहणार?

पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला. कुवेत किंवा इराक सोडावे लागल्याबद्दल एकट्या माणसाला २५०० डॉलर, कुटुंबाला ५०००; दुसरा दावा करणार नाही असे मान्य केल्यास ४००० आणि ८०००. इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून ही रक्कम द्यायची होती. सरकारे आणि कंपन्या यांच्याआधी मजुरांचे लहान दावे निकाली काढायचे, असे आयोगाने ठरवले. जागतिक संस्थांच्या कारभारात हे क्वचितच घडते. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये फिटला.