लोफोटेनचे मासे, वेसाव्याचे बोंबील

आजच्या भागाची सुरुवात एका फोटोपासून. तुम्ही ऐकताय, त्यामुळे फोटो मीच सांगते. मागे बर्फाचे डोंगर. पुढे निळंशार पाणी. काठावर लाल रंगाची लाकडी घरं. आणि मधोमध लाकडाचे उंच मांडव, त्यांवर हजारो मासे टांगलेले. माझी मावसबहीण एप्रिलमध्ये नॉर्वेला फिरून आली, तिनं हा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली सगळ्यांचे बदाम. ‘वॉव’, ‘स्वर्ग’, ‘बकेट लिस्ट’ वगैरे.

दुसऱ्या दिवशी मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात मासे घ्यायला गेले होते. माझ्या नेहमीच्या मावशींना तो फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा केला, नीट बघितला आणि म्हणाल्या, “डोकी कापलीत यांनी. बाकी आपलंच काम हाय.” मग थांबून विचारलं, “हे बघाया तुमची माणसं इमानानं गेली?”

मला उत्तर सुचलं नाही. म्हणून हा भाग.

आधी नॉर्वे. तिकडे जाणारा आपला माणूस काय बघतो? फियोर्ड. म्हणजे हिमनदीनं डोंगर खरवडून केलेल्या खोल दऱ्या, ज्यांत नंतर समुद्र शिरला. त्यांतला सोग्नेफियोर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि सगळ्यात खोल जागी तेराशे मीटरच्या आसपास खोल. गैरांगर आणि नेरॉय हे दोन फियोर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. मग बर्गन शहर. तिथे बंदरावर रंगीत लाकडी घरांची रांग आहे, तिचं नाव ब्रिगेन. तीही १९७९ पासून त्याच यादीत. इंस्टाग्रामवर तुम्ही ती शंभर वेळा पाहिली असेल.

आता गंमत ऐका. ही सुंदर घरं कोणा राजाची नाहीत. ती गोदामं आहेत, आणि त्यांत भरलेला असायचा सुका मासा! १३६० च्या सुमारास हान्सा नावाच्या जर्मन व्यापारी संघानं तिथे आपली पेढी थाटली. जर्मन व्यापारी धान्य आणायचे आणि उत्तरेकडून आलेला सुका कॉड घेऊन जायचे. १७०२ मध्ये मोठी आग लागली, सगळं जळालं, आणि लोकांनी जुन्याच पद्धतीनं पुन्हा बांधलं. आज आपण ज्याच्यासमोर सेल्फी काढतो ते हे बांधकाम. सरळ सांगायचं तर बर्गनचं वैभव म्हणजे सुक्या मासळीचा बाजार.

तो मासा येतो कुठून? लोफोटेनहून. ही बेटं आर्क्टिक वर्तुळाच्याही वर आहेत. दर हिवाळ्यात, साधारण जानेवारी ते एप्रिल, बॅरंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला तिथे उतरतो. कोळी त्याला पकडतात, डोकं कापतात, दोन-दोन मासे शेपटीशी बांधतात आणि मांडवावर टांगतात. मिठाचा कणही लावत नाहीत. थंडी आणि वारा दोन-तीन महिन्यांत मासा लाकडासारखा कडक करतात.

यात इतिहास किती आहे बघा. ११२० च्या सुमारास ऑयस्टाइन नावाच्या राजानं हंगामात येणाऱ्या कोळ्यांसाठी तिथे निवारे बांधले. त्यांना म्हणतात ‘रोरबू’. फोटोतली लाल घरं ती हीच. आता त्यांत पर्यटक राहतात. १४३२ मध्ये क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा कप्तान जहाज फुटून तिथल्या रोस्ट बेटावर पोचला. कोळ्यांनी त्याला आणि त्याच्या माणसांना जगवलं. जाताना तो सुका मासा घेऊन गेला, आणि त्या भागातले इटालियन लोक आजही तो आवडीनं खातात. कापलेली डोकीसुद्धा वाया जात नाहीत. ती वाळवून नायजेरियाला जातात, तिथे त्यांचं झणझणीत सार होतं. बेटांच्या टोकाला एक गाव आहे, त्याच्या नावात एकच अक्षर: ऑ. तिथे सुक्या माशाचं संग्रहालय आहे. तिकीट काढून लोक आत जातात.

आता परत घरी येऊ.

वर्सोव्याचं जुनं नाव वेसावे. कोळी आजही वेसावेच म्हणतात. ‘वेसावकर आणि मंडळी’ या नावानं आलेली कोळीगीतं तुमच्या घरातल्या प्रत्येक हळदीला वाजली असणार. खाडीच्या पलीकडे मढचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ मध्ये, तो मराठ्यांनी जिंकला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे सहज आत जाता येत नाही. पण वर्सोव्याच्या जेट्टीवरून फेरीबोट पकडली की काही मिनिटांत पलीकडे उतरता येतं. त्या फेरीत उभं राहून मागे बघा. रंगीत होड्या, त्यांचे झेंडे, आणि ऑक्टोबरनंतर आलात तर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबीलच बोंबील.

बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. बर्फाशिवाय तो टिकणार कसा? वाळवायचा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. लोफोटेनला शेपटीशी जोडी, इथे तोंडाशी जोडी. तिकडे थंडी, इकडे ऊन. बाकी मावशी म्हणाल्या तसं, काम तेच. फरक एवढाच, की इथे तिकीट नाही आणि लोक नाकाला रुमाल लावतात.

त्यात मीही होते. नऊ वर्षांपूर्वी मी यारी रोडला राहायला आले. पहिल्याच हिवाळ्यात आमच्या सोसायटीनं वासाबद्दल तक्रारीचं पत्र लिहिलं. ‘उघड्यावर मासे सुकवणं बंद करावं.’ खाली बऱ्याच सह्या, त्यांत एक माझी. त्या पत्रातून काही निघालं नाही. पण सही ती सही.

वास न आवडणं हा गुन्हा नाही हो. लोफोटेनलाही वास येतोच, माझी बहीण सांगते. तिथे लोक त्याला पैशाचा वास म्हणतात म्हणे. प्रश्न आहे तो कोणत्या वासाला इतिहास म्हणायचं आणि कोणत्याला घाण, हे ठरवतं कोण, हा.

एक उदाहरण देते. १९९७ मध्ये युरोपियन युनियननं भारतातून येणाऱ्या सुक्या बोंबलावर बंदी घातली. नियम असा होता की मासळी फक्त मान्यताप्राप्त कारखान्यातूनच यावी. बोंबील तर उघड्यावर, उन्हात वाळतो. इंग्लंडमधल्या बोंबीलप्रेमींनी त्याविरुद्ध मोहीमच चालवली. शेवटी तोडगा निघाला: वाळवा उन्हात, पण पॅकिंग मान्यताप्राप्त ठिकाणी करा. आणि त्याच युरोपियन युनियननं लोफोटेनच्या उघड्यावर वाळलेल्या कॉडला संरक्षित भौगोलिक नाव दिलं, आपल्या हापूसच्या जीआयसारखं. दोन्ही मासे वाऱ्यावरच वाळतात!

मी नॉर्वेला दोष देत नाहीये. उलट, त्यांच्याकडून शिकण्यासारखं हेच आहे. त्यांनी मांडव हलवून तिथे व्ह्यू पॉइंट केला नाही. मांडवच व्ह्यू आहे, कारण मासा अजून पकडला जातो, वाळतो, विकला जातो. तिथली शाळकरी पोरं हंगामात कॉडच्या जिभा कापून स्वतःचा पॉकेटमनी कमावतात. धंदा जिवंत आहे म्हणून पर्यटक आहेत.

नॉर्वेचा एक माणूस वर्सोव्याला आला होता, हे माहितेय? एरिक सोल्हाइम, तिथले माजी पर्यावरणमंत्री, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख. आपल्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या सफाईत ते येऊन कचरा उचलत होते. २०१८ मध्ये त्याच वाळूत ऑलिव्ह रिडली कासवांची पिल्लं दिसली आणि बातमी जगभर गेली. किनारा साफ झाला, छानच झालं. पण किनारा म्हणजे नुसती वाळू आणि कासवं नाहीत. बोंबलाच्या दोऱ्याही त्यातच आल्या.

आणि दोऱ्यांना जागा लागते. मावशी सांगतात, त्यांच्या सासूच्या वेळी जिथवर मासे सुकायचे तिथे आता गाड्या लागतात. वाळवायला अंगण राहिलं नाही तर बोंबील ओलाच, मिळेल त्या भावात विकावा लागतो. जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा निघतात. तेवढे दिवस घर चालतं ते याच सुक्या मासळीवर. आपल्याला दिसतो तो वास, त्यांच्यासाठी ती पावसाळ्याची बेगमी.

तर मंडळी, नॉर्वेला जरूर जा. पैसे जमले की मीही जाणार, त्या एका अक्षराच्या गावात फोटोही काढणार. पण त्याआधी एखाद्या रविवारी मेट्रोनं वर्सोव्याला उतरा, रिक्षानं कोळीवाड्यात या, विचारून फोटो काढा आणि पाव किलो सुके बोंबील घेऊन जा. घासाघीस जरा कमी करा.

माझ्या सहीबद्दल मी मावशींना अजून बोलले नव्हते. त्यांचा नातू आपले सगळे भाग ऐकतो आणि त्यांनाही ऐकवतो. म्हणजे आज त्यांना कळेलच. मावशी, उद्या सकाळी येते. काय बोलायचं ते समोर बोला.

भेटू पुढच्या भागात.